तेलबाईंनी गप्प केलेले पाणी

कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रांच्या दोन रांगांमधून तेलबाई चालू लागल्या की माणसांचे बोलणे थांबे. यंत्रे चालूच राहत, कारण बाईंना जे ऐकायचे असे ते यंत्रांकडूनच. खांद्याला कातडी पिशवी, पिशवीत लांब चोचीची तेलाची बुधली आणि कपाळावर कायमची आठी, एवढ्या सामग्रीवर त्यांनी यंत्रदुरुस्तीत उभा जन्म काढला. खरे नाव होते, पण ते पगाराच्या दिवशी पुकारले जाई तेवढेच. एरवी व्यवस्थापकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना तेलबाई म्हणत; समोर जरा हळू, पाठीमागे जरा मोठ्याने.

त्यांच्या कामाचा सिद्धान्त एका वाक्यात मावणारा होता आणि ते वाक्य त्या रोज कोणावर तरी फेकत. "आवाज येतोय म्हणजे कुठेतरी घासतंय, आणि घासतंय म्हणजे कोणीतरी डोळे मिटून बसलंय." निरोगी यंत्राचा सूर एकसारखा आणि खालच्या पट्टीतला असतो, त्यावर जी काही खडखड, चरचर, टिकटिक ऐकू येते ती सगळी बिघाडाची, असा हा हिशेब होता. दुसरा नियम तितकाच कडक: एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा. फिरवायचा, यंत्र चालवायचे, ऐकायचे, मगच पुढच्या स्क्रूला हात लावायचा. दोन स्क्रू एकदम फिरवणाऱ्या मेकॅनिकला त्या विचारत, "आता सांग, कशाने सुधारलं? आणि बिघडलं असतं तर कोणाला विचारणार होतास? स्क्रूला?"

हे सारे त्या रागानेच म्हणत. कारखान्यात या रागाची चेष्टा करण्याची एक रीतच पडून गेली होती. "काय तेलबाई, आज पारा कुठवर?" असे व्यवस्थापक सकाळी हसत विचारी. त्याच जागेवर आधी काम करणारा पुरुष हातातला पाना फेकून मारी, आणि त्या सवयीला कारखाना इतकी वर्षे शिस्त म्हणत आला होता. हा फरक बाईंच्या ध्यानात आला होता आणि त्यामुळे त्या अधिकच भडकत. बाईच्या रागाला कारण असू शकते हे एकदा नाकारले की ते कारण तपासण्याची तसदीही वाचते. ती तापट ठरते आणि बाकीचे मोकळे होतात.

घरी ही मोकळीक नवऱ्याने घेतली होती. तो चपला-बुटांच्या दुकानात विक्रेता होता. गुडघा टेकून गिऱ्हाइकाच्या पायाला हात लावताना इतके गोड बोले की चावणारा बूटही माणसे हसत घेऊन जात. खाऱ्या पाण्याची काचटाकी त्याच्या हौसेची. बाहेरच्या खोलीत, कमरेपेक्षा उंच लोखंडी घडवंचीवर ती ठेवलेली. आत खडक, वाळू, एक फिकट जांभळे समुद्रफूल, आणि त्याच्या बोटांसारख्या पाकळ्यांत राहणारे केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. मोठी मादी, धाकटा नर. मादी नराला समुद्रफुलाच्या कडेकडेने हाकलत असे, म्हणून नवऱ्याने तिचे नाव मालकीण ठेवले आणि त्याचे हमाल. पाहुण्यांना हे सांगताना तो बायकोकडे पाही. पाहुणे हसत. बाई स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत.

टाकी आवाज करी. पंपाने वर चढवलेले पाणी तोटीतून वीतभर उंचीवरून पडे, अखंड. मागच्या खडकाआड दुसरा एक छोटा पंप पाणी ढकलत भुणभुणे. वर झाकण नसल्याने खारे तुषार उडून कडेला मिठाचे पांढरे पापुद्रे धरत आणि शेजारच्या टेबलावर ठेवलेल्या बाईंच्या घरच्या शिवणयंत्राला गंज चढे. दिवसभर शंभर यंत्रांचा आवाज कानांनी चाळून घरी येणाऱ्या बाईला घरात कसला आवाज नको असेल तर तो हाच. "हे पाणी वरून का पाडायचं? आतच सोडलं तर काय बिघडेल?" हा प्रश्न त्यांनी नवऱ्याला संसारात कितीदा विचारला याची गणती नाही. त्याचे उत्तर ठरलेले: "पाणी हसतंय गं. हसू दे की."

"मी माहिती विचारली. कविता नको होती."

यावरही तो हसे. त्याला कारण ठाऊक होते. पण कारण सांगायचे तर समोरची व्यक्ती समजून घेईल असे मानावे लागते, आणि बायको फक्त चिडते असे त्याने मानून ठेवले होते. गोड माणसांच्या अंगी हा एक मुलायम तुच्छपणा असतो. त्याचे ओरखडे दिसत नाहीत, म्हणून त्याबद्दल तक्रारही करता येत नाही.

तो दुकानातच गेला. गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवताना तसाच पुढे कलंडला. पुढे काही दिवसांनी त्याची धाकटी बहीण वहिनीच्या सोबतीसाठी म्हणून राहायला आली. टपाल कचेरीच्या खिडकीमागे जन्म घालवून निवृत्त झालेली ही नणंद नीटनेटकेपणाच्या बाबतीत कोणाचे ऐकणारी नव्हती. तिने बाहेरच्या खोलीत टाकीशेजारी आपला पलंग लावला आणि लाकूड चकचकीत करणाऱ्या फवाऱ्याची बाटली घेऊन घरभर फडके फिरवायला सुरुवात केली. बाई तिला 'वन्सं' म्हणत आणि 'तुम्ही' म्हणत. त्या 'तुम्ही'त आदर किती आणि अंतर किती हे दोघींनाही चांगले कळत होते.

आणि आता टाकी बाईंच्या हाती आली. त्यांनी ती यंत्र म्हणून पाहिली आणि दुरुस्तीला घेतली. एका सुट्टीच्या दिवशी तोटीला रबरी नळी जोडून तिचे तोंड पाण्यात खोल बुडवले. पडण्याचा आवाज गेला. भुणभुणणारा छोटा पंप काढून फडताळात टाकला. टाकीवर काचेचे झाकण बसवले आणि ते थरथरू नये म्हणून कडेला यंत्राच्या टोपणात असतो तसला दाबलेल्या लोकरीचा नमदा चिकटवला, इतका बेताचा की फटीतून दोराही जाणार नाही. संध्याकाळी त्या टाकीसमोर उभ्या राहिल्या. पाणी आरशासारखे स्तब्ध. खोलीत चिडीचूप.

"बघा," त्या नणंदेला म्हणाल्या, "जन्मभर जे झालं नाही ते एका दुपारचं काम होतं. तुमच्या भावाला साधं करायचं नव्हतं, एवढंच."

ज्या नियमावर त्या कारखान्यात माणसे सोलून काढत तो नियम त्यांनी त्या दुपारी मोडला होता. एक स्क्रू फिरवून ऐकण्याची उसंत त्यांच्या रागाला नव्हती. सगळे स्क्रू त्यांनी एकदम फिरवले, आणि मेलेल्या माणसाशी चाललेले भांडण जिंकले.

काही दिवसांत समुद्रफूल आखडू लागले. खडकामागे, जिथे पूर्वी छोटा पंप पाणी ढकलत असे, तिथे राखाडी गाळ साचला. मासे समुद्रफूल सोडून वर येऊन राहू लागले. तोंड पाण्याच्या पृष्ठाशी, कल्ले भात्यासारखे भराभर हलणारे. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या दुरुस्तीनंतर यंत्र बिघडते म्हणजे काय? दोष बाहेरून आला असला पाहिजे.

"वन्सं, तो फवारा बंद करा. तुमच्या पॉलिशनं पाणी नासलंय."

"झाकण तू लावलंयस, त्यातून मुंगी जायची नाही, आणि माझा फवारा जातो?"

"जातोच. वास येतो."

"वास तुझ्या हातांना येतो वहिनी, तेलाचा. जेवतानाही येतो. मी आजवर बोलले नाही."

हमाल मेला त्या सकाळी नणंद रडली आणि मग चवताळून उठली. "माझ्या दादाला तू जन्मभर पाण्यात पाहिलंस. आता त्याच्या माशांची पाळी का?"

"मासे पाण्यातच पाहायचे असतात, वन्सं!" बाई ओरडल्या, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन स्वतःवरच इतक्या संतापल्या की कारखान्यात त्या दिवशी कोणी त्यांना पारा विचारला नाही.

नणंदेने टाकीचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याला फोन लावला. दुकानात बसल्या बसल्या त्याने माशांना कीड लागल्याचे निदान केले आणि औषधाची बाटली पाठवली. पाणी निळे झाले. मालकीण होती तशीच वर लटकत राहिली. मग त्याने सुचवले, मादी जगवायची असेल तर दुकानात आणून सोडा, नाहीतर मीच येऊन नेतो. नणंदेने बाईंना न विचारता होकार दिला. रविवारी दुपारी येतो म्हणाला.

रविवारी सकाळी बाईंना हे कळले. मालकीण गेली की टाकी रिकामी, टाकी रिकामी की ती घडवंचीसकट भंगारात, आणि मग त्या दोघींपुरते कायमचे ठरले असते, की याच बाईने नवऱ्याची शेवटची जिवंत गोष्ट मारली. नणंद हे बोलून दाखवणार नव्हती. तिच्या फडक्यात ते दिसत राहिले असते.

"कोणाला विचारून बोलावलं?"

"तुला विचारायचं काय त्यात? तू चिडणार, दुसरं काय?"

नवऱ्याच्या हसण्यामागचे हेच वाक्य. त्याच घराण्याचे, त्याच सुरात. बाईंनी झाकण खसकन उचलून पलंगावर टाकले, मोरीतली स्वच्छ बादली आणून घडवंचीखाली जमिनीवर आदळली आणि मगाने टाकीतले पाणी उपसून तिच्यात ओतायला लागल्या. "ने! ने तुझ्या भावाचा मासा! बादलीत घालून ठेवते, हातात उचलून दे त्या मासेवाल्याला!" 'तुम्ही' केव्हाच गळून पडले होते. गुडघा दुखत असल्याने त्या खाली वाकत नव्हत्या. टाकीच्या उंचीवरूनच मग उपडा करत होत्या. पाणी बादलीत धबाधबा आपटत होते, फेसाळत होते, अर्धे फरशीवर सांडत होते.

"अगं फरशी! वहिनी, फरशी बघ!"

"तू बघ! तुझं आयुष्य फरशी बघण्यात गेलं!"

शेवटच्या मगात मालकीण आली. तिलाही त्यांनी बादलीत सोडले. तिला सोडताना तेवढ्या त्या वाकल्या आणि कळ जाऊन मट्‌कन स्टुलावर बसल्या. दोघी धापा टाकत होत्या. मासाही टाकत होता. फरशी पुसण्यासाठी नणंद बादलीजवळ फडके घेऊन बसली, आणि ओतलेला चहा पिण्याजोगा निवतो तेवढ्या वेळाने तिचा हात थांबला.

"वहिनी."

"काय?"

"ही खाली गेली."

मालकीण बादलीच्या तळाशी होती. कल्ले संथ, पर उघडे. एवढ्या दिवसांत प्रथमच ती वर तोंड करून नव्हती.

"बादली स्वच्छ आहे म्हणून असेल," नणंद म्हणाली.

"पाणी तेच आहे." बाईंचा आवाज एकदम खाली आला, कारखान्यातल्या माणसांनी तो ओळखला असता. "पाणी तेच, मीठ तेच, तुमच्या औषधाचा निळा रंगसुद्धा तोच. बदललं काय?"

"तू आपटलंस."

बाईंनी स्टूल बादलीजवळ ओढले. मग म्हणाल्या, "आता हात लावायचा नाही. बसायचं." बादलीतले पाणी स्थिर झाले. दोघी बसून राहिल्या. सकाळ टळत आली तशी मालकीण हळूहळू वर सरकली आणि पुन्हा पृष्ठाशी तोंड लावून कल्ले उडवू लागली. बाईंनी मगभर पाणी घेतले आणि उंचावरून पुन्हा बादलीत पाडले, पुन्हा, पुन्हा. ती खाली गेली. एकच स्क्रू, फिरवून पाहिलेला.

आता त्यांनी टाकीच्या उरलेल्या पाण्याकडे पाहिले. वर एक पातळ साय धरली होती, सुरकुत्या पडणारी. त्यांनी ती बोटावर घेतली, अंगठ्याने चोळली, उजेडात धरली. कडेला इंद्रधनुष्याचे रंग. फवाऱ्याला लिंबाचा वास होता, याला नव्हता. याचा वास बाईंना झोपेतही ओळखता आला असता. गाळ काढायला, समुद्रफूल सरळ करायला रोज कामावरून येऊन ज्या हातांनी त्या पाण्यात शिरत होत्या, त्या हातांचा तो वास होता. पाणी हलत असते तर ही साय मोडली असती, खाली खेचली जाऊन पंपाच्या गाळणीत अडकली असती. हलत नव्हते म्हणून ती तशीच वर पसरली, माशांनी टाकलेले आणि खाऊन उरलेले तिच्यात मिसळत गेले, आणि त्यावर बाईंनी आपल्या हातांनी झाकण ठोकले.

"वन्सं," त्या म्हणाल्या. 'तुम्ही' परत आले होते. "तुमचा फवारा नव्हता."

नणंदेने फडके पिळले. "माफी मागतेयस की रिपोर्ट देतेयस?"

"रिपोर्ट."

"चालेल. हमालासाठीही एक लिही त्यात."

बाईंनी राग कामावर काढला. आधी कागदाने पाण्यावरची साय टिपून घेतली. नळी कापून काढली, पण तोटी लगेच जुन्या जागी नेली नाही. नवऱ्याने केले म्हणून करायचे, हे आता होणार नव्हते. हात साबणाने कोपरापर्यंत घासले. विणायच्या लांब सुईला ठरावीक अंतरावर दोऱ्याचे तुकडे बांधले आणि ती पाण्यात उभी धरून टाकीभर फिरवली. दोरा ज्या दिशेला उडेल तिकडे प्रवाह. सरळ लोंबकळला तर तिथे पाणी मेलेले. खडकामागे सगळे दोरे लोंबकळले. यंत्राच्या आत जिथे वारा पोचत नाही तिथेच धाग्यांची भुशी साठते, हे त्या वर्षानुवर्षे इतरांना ओरडून सांगत आल्या होत्या.

त्यांनी फडताळातला छोटा पंप काढला, त्याच्या पात्यावर बसलेला मिठाचा थर खरवडला. भुणभुण त्या थरामुळेच होती. नवऱ्याने तो थर कधी काढला नव्हता. एवढ्या दिवसांत त्यांच्या बाजूने निघालेला हा एकच पुरावा होता, आणि तो त्यांनी नणंदेच्या नाकासमोर धरला. "हे बघा. हसतंय म्हणे!" पंप खडकामागे, पण आता समोरच्या काचेकडे तिरका, म्हणजे त्याचा झोत आणि तोटीचा झोत मध्ये एकमेकांवर आपटून फुटतील आणि समुद्रफुलावर थेट मार बसणार नाही. तोटी पाण्याबाहेर काढून अगदी पृष्ठालगत, तिरपी. पाणी वीतभर वरून पडायची गरज नव्हती. पृष्ठ सतत मोडत राहिले म्हणजे पुरे. हे सारे त्यांनी एकेक करून, प्रत्येक वेळी दोरे बघत केले. मालकिणीला बादलीतल्या पाण्यासकट टाकीत परत सोडले आणि झाकण भिंतीला टेकवून ठेवले. टाकी पुन्हा आवाज करू लागली, पूर्वीपेक्षा कमी. पण करू लागली.

दुपारी मासेवाला प्लास्टिकची पिशवी घेऊन दारात आला तेव्हा मालकीण टाकीत समुद्रफुलाच्या कडेने एक चक्कर मारत होती. त्याने वाकून पाहिले. "औषधाने गुण आला म्हणायचा."

"तुमच्या औषधाने पाणी निळं झालं," बाई म्हणाल्या. "तेवढा गुण आला."

"मग मासा न्यायचा ना?"

बाईंनी नणंदेकडे पाहिले. बोलावले तिने होते. उत्तर तिने द्यायचे. नणंद पिशवीकडे बघत म्हणाली, "नाही. ती इथेच राहील. वहिनी चिडेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद लाल डोळ्यांनी पलंगावर बसून होती. "काय गं हा आवाज! डोळ्याला डोळा लागला नाही. जरा कमी नाही का होणार?"

बाईंची कामावर जायची वेळ झाली होती. पिशवी खांद्याला होती. त्यांनी ती उतरवली, स्टूल ओढले आणि दोरे बांधलेली सुई हातात घेतली. मग त्यांनी नणंदेला सगळे सांगितले. माशालाही हवा लागते. ती पाण्यात विरघळलेली असते आणि पाण्यात शिरते फक्त वरच्या पातळ थरातून. तो थर मोडत राहिला नाही तर खालच्या पाण्याला वर यायची पाळीच येत नाही, त्यातली हवा संपते आणि वापरलेली हवा बाहेर पडत नाही. वर साय धरली तर आणखी कोंडी. हे सांगताना त्या रागावलेल्या होत्या, सुई काचेवर आपटत होत्या, मध्येच "कळलं का?" असे खेकसत होत्या. नणंद टपालाच्या खिडकीत बसावे तशी ताठ बसून ऐकत होती. तिने दोनदा शंका विचारली. बाईंनी दोन्ही वेळा पहिल्यापासून सांगितले.

"दादाला हे सगळं ठाऊक होतं?"

"नसतं तर तोटी वर कशाला बांधली असती? ठाऊक होतं. मला सांगावंसं वाटलं नाही."

"त्याने सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"पहिल्यांदा नसतं ऐकलं," बाई म्हणाल्या. "मग दुसऱ्यांदा सांगायचं. तिसऱ्यांदा सांगायचं. कारखान्यात मी एकेका गाढवाला वर्षभर तेच ते सांगते. माणूस शिकेल असं वाटतं म्हणून सांगते. हसून टाळत नाही." त्यांनी सुईचा सैल झालेला दोरा पुन्हा आवळला. "हमाल जगला असता."

नणंदेने उठून टाकीच्या कडेला रात्रभरात धरलेले मिठाचे कण ओल्या फडक्याने टिपले. फवारा वापरला नाही. मग म्हणाली, "झोप मला येत नाही ती नाहीच येत. हे समजल्यावर सुद्धा."

"मग आत झोपा. मी झोपते इथे."

त्या संध्याकाळी दोघींनी पलंग बदलले. घरचे शिवणयंत्र टेबलावरून उचलून आतल्या खोलीत गेले. बाई आता टाकीशेजारी झोपतात आणि तो आवाज त्यांना अजूनही आवडत नाही; जो विचारेल त्याला तसे सांगतात. फक्त तो जरा खाली गेला, तोटीत मीठ धरून पाण्याचा झोत मंदावला, की त्या झोपेतून उठून बसतात, शिव्या घालत, आणि दिवा लावायच्या आत त्यांचे हात साबणाकडे गेलेले असतात.